शस्त्रशाळेचा धनी कोण ?

(१)

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. येथें बखर नाहीं, सनद नाहीं, मोडीचा एकहि कागद नाहीं. इ. स. २०१९ पासून २०२२ पर्यंतच्या चार वर्षांत इंग्लंडांतील कांहीं जुन्या शस्त्रसामग्री करणाऱ्या कंपन्या परकीय धन्यांच्या हातीं गेल्या. त्या वेळीं तेथील सरकारनें काय तपासलें, कोणत्या अटी घातल्या आणि त्या अटींनीं कशाचें रक्षण झालें, एवढाच प्रश्न आम्ही विचारासाठीं घेतला आहे. घटना अगदीं अलीकडच्या असल्या तरी प्रश्न जुना आहे, आणि आमच्या मतें त्याचें एक उत्तम विवेचन आपल्या मराठी राजनीतिग्रंथांत पूर्वींच झालेलें आहे. म्हणून हा विषय येथें मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून जें आज्ञापत्र प्रसिद्ध आहे (इ. स. १७१५-१६), त्यांत साहुकारांविषयीं एक प्रकरण आहे. साहुकारांमुळें राज्याची शोभा व समृद्धि होते, अडचणीच्या प्रसंगीं पैसा उभा राहतो, याकरितां त्यांचा मान राखावा व परमुलखांतील साहुकारहि आणून वसवावेत, असा त्यांतील उपदेश आहे. परंतु लगेच पुढें टोपीकरांपुरता अपवाद सांगितला आहे. टोपीकर हेहि व्यापारीच; पण इतर साहुकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशीं एक राजा आहे व त्याच्या आज्ञेनें ते येतात. सबब त्यांना व्यापार करूं द्यावा, परंतु समुद्रतीरीं अथवा खाडीच्या मुखाशीं जागा देऊं नये, असा त्या प्रकरणाचा आशय आहे.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, अमात्य टोपीकरांकडून सद्वर्तनाचें वचन घ्या असें सांगत नाहींत. जागा कोठें द्यावी व कोठें देऊं नये, हें सांगतात. वचन पाळणें घेणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतें. जागा देणें देणाऱ्याच्या हातीं असतें. या भेदाचें महत्त्व पुढें कळून येईल.

(२)

प्रथम शस्त्रांच्या बाजाराचें स्वरूप पाहूं. इतर बाजारांत विकणारे पुष्कळ व घेणारेहि पुष्कळ असतात. शस्त्रांच्या बाजारांत देशापुरता घेणारा मुख्यतः एकच, तो म्हणजे सरकार. विकणारे जर दोन-चार असले, तर त्यांची आपसांत चढाओढ होऊन सरकारास माल रास्त किंमतीस मिळतो. ते एक झाले, तर सरकारास त्यांच्या दारीं जावें लागतें. म्हणून देशांतील दोन कंपन्या एकत्र होण्यास संरक्षणखातें पुष्कळदां नाखूष असतें. उलट त्यांपैकीं एक परकीय कंपनीनें घेतली, तर विकणारांची संख्या कायम राहते खरी, पण राज्याचीं गुपितें परक्याच्या कचेरींत जाण्याची भीति उत्पन्न होते. सारांश, चढाओढ राखावी तर गुप्तता धोक्यांत येते, आणि गुप्तता राखावी तर चढाओढ नष्ट होते. संस्कृत शास्त्रकार योग आणि क्षेम असे दोन शब्द वापरतात. जें नाहीं तें मिळविणें हा योग, व जें आहे तें राखणें हा क्षेम. रास्त किंमतीस चांगलें शस्त्र मिळविणें हा योग, व त्याची विद्या आपल्या हातीं ठेवणें हा क्षेम. दोन्ही एकाच कृतीनें साधतील अशी खात्री नसते.

या विरोधाचें स्पष्ट उदाहरण प्लेसी कंपनीचें आहे. रडार, ध्वनिलहरींनीं पाणबुडी शोधण्याचीं यंत्रें व दूरसंदेशाचीं साधनें करणारी ही इंग्रज कंपनी विकत घेण्याचा प्रयत्न दुसऱ्या मोठ्या इंग्रज कंपनीनें, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें, १९८५ च्या अखेरीस केला. मक्तेदारी व विलीनीकरण यांची चौकशी करणाऱ्या आयोगानें १९८६ सालीं त्यास प्रतिकूल अभिप्राय दिला, व सरकारनें ती खरेदी होऊं दिली नाहीं. संरक्षणखात्याचा मुख्य आक्षेप चढाओढ नाहींशी होईल हाच होता. पुढें १९८८ च्या नोव्हेंबरांत तीच जनरल इलेक्ट्रिक कंपनी जर्मनींतील सीमेन्स कंपनीस बरोबर घेऊन पुनः आली. या वेळीं प्लेसीचे भाग दोघांत वांटले जाणार असल्यामुळें चढाओढीचा आक्षेप सौम्य झाला. परंतु एक वांटेकरी परकीय असल्यामुळें गुप्ततेचा आक्षेप नव्यानें निघाला. पुनः चौकशी झाली, हमीपत्रें घेण्यांत आलीं, आणि १९८९ च्या सप्टेंबरांत सुमारें २०० कोटी पौंडांस प्लेसी विकली गेली.

याचा शेवट काय झाला हें पाहण्यासारखें आहे. सीमेन्सनें प्लेसीच्या वांट्यांतील इंग्लंडमधील संरक्षणविषयक उद्योग १९९८ सालीं ब्रिटिश एअरोस्पेस कंपनीस विकला. जनरल इलेक्ट्रिकचा संरक्षणविभाग, जो मार्कोनी या नांवानें ओळखला जाई, तो १९९९ च्या नोव्हेंबरांत त्याच ब्रिटिश एअरोस्पेसमध्यें मिळून बीएई सिस्टिम्स ही कंपनी झाली. म्हणजे चढाओढ राखण्यासाठीं १९८६ सालीं जीं घराणीं वेगळीं ठेवलीं, त्यांचे संरक्षणविषयक मोठे भाग तेरा वर्षांनीं एकाच छपराखालीं आले. त्या त्या वेळचा निर्णय चुकीचा होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चौकशी एका व्यवहाराची होते, आणि कंपनीचें आयुष्य त्या व्यवहाराच्या पुढेंहि चालतें, हा मुद्दा या प्रकरणावरून सिद्ध होतो.

(३)

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. ॲलन कॉबहॅम हा इंग्रज वैमानिक लांबच्या विमानप्रवासांकरितां प्रसिद्ध होता. १९२६ सालीं ऑस्ट्रेलियास जाऊन परत येतांना तो लंडनांत पार्लमेंटच्या इमारतीसमोर थेम्स नदींत विमानासह उतरला. याच प्रवासांत जातांना बसऱ्याच्या बाजूस त्याचा यंत्रज्ञ आर्थर इलियट हा जमिनीवरून सुटलेल्या गोळीनें मृत्यु पावला होता. १९३४ सालीं कॉबहॅमनें, विमान आकाशांत असतांनाच त्यांत दुसऱ्या विमानांतून इंधन भरण्याच्या विद्येकरितां एक कंपनी काढली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत या पद्धतीनें न उतरतां हिंदुस्थानपर्यंत येण्याचा प्रयत्न त्यानें केला. परंतु यंत्रांतील एका लहानशा भागानें दगा दिल्यामुळें त्यास माल्टा बेटावर उतरावें लागलें. म्हणजे या विद्येची पहिली मोठी परीक्षा आपल्या देशाच्या वाटेवरच व्हावयाची होती.

महायुद्धानंतर नळी व तिच्या टोंकाशीं फनेलासारखें तोंड अशी नवी योजना याच कंपनीनें बसविली. १९४९ च्या ऑगस्टांत त्या योजनेनें इंधन घेत एक मीटिअर विमान बारा तासांहून अधिक वेळ आकाशांत राहिलें. १९८२ सालीं फॉकलंड बेटांच्या युद्धांत असेन्शन बेटावरून निघालेल्या व्हल्कन विमानास वाटेंत व्हिक्टर विमानांनीं वारंवार इंधन पुरविलें व तें हजारों मैलांवरील पोर्ट स्टॅनलेच्या धांवपट्टीपर्यंत जाऊन परत आलें. या पुरवठ्याचीं साधनें कॉबहॅमच्या कंपनीचींच होतीं. १९९४ सालीं कंपनीनें संस्थापकाचें नांव धारण केलें. तिचें ठाणें डॉर्सेट परगण्यांत विंबर्न येथें होतें.

एकविसाव्या शतकांत कंपनीचा व्याप अमेरिकेंतहि पुष्कळ वाढला, आणि त्याबरोबर अडचणीहि वाढल्या. अमेरिकेच्या नव्या इंधनवाहू विमानांच्या कामांत विलंब व खर्च झाला, आणि २०१६ व २०१७ अशा लागोपाठ दोन वर्षीं भागधारकांकडून नवें भांडवल मागावें लागलें. ही गोष्ट सांगणें न्यायाचें आहे; कारण कंपनी सुस्थितींत असतां परक्यानें हिसकावून नेली असा समज होऊं नये.

२०१९ च्या जुलैंत अमेरिकेंतील ॲडव्हेंट इंटरनॅशनल या पेढीनें दर भागास १६५ पेन्स, म्हणजे एकूण सुमारें ४०० कोटी पौंड, देऊं केले. संचालक मंडळ अनुकूल झालें. १६ सप्टेंबर रोजीं भागधारकांनीं फार मोठ्या बहुमतानें संमति दिली. संस्थापकाची सून लेडी नादीन कॉबहॅम हिनें उघड विरोध केला. लगोलग व्यापारमंत्री अँड्रिया लेडसम हिनें २००२ च्या कायद्यान्वयें लोकहितार्थ हस्तक्षेपाची सूचना काढली. कारण एकच नमूद होतें, तें राष्ट्रसंरक्षण. चढाओढीवर देखरेख करणाऱ्या मंडळानें आपला अहवाल ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत द्यावा असें ठरलें. शेवटीं २० डिसेंबर २०१९ रोजीं हमीपत्रें स्वीकारून मंत्र्यांनीं संमति दिली व जानेवारी २०२० मध्यें व्यवहार पुरा झाला.

हमीपत्रांतील मुख्य कलमें अशीं : सरकारची गुप्त माहिती सुरक्षित ठेवावी, चालू करार पुरे करावेत, आणि कंपनी किंवा तिचा एखादा भाग विकण्याचा बेत झाल्यास सरकारास आगाऊ कळवावें. या तिसऱ्या कलमाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. विकूं नये असें तें सांगत नाहीं. विकण्यापूर्वीं कळवावें, इतकेंच सांगतें.

पुढें काय झालें तें तारीखवार असें. नोव्हेंबर २०२० : विमानांतील संदेशवहनाची साधनें करणारा विभाग अमेरिकेंतील ट्रान्सडाइम कंपनीस ९६.५ कोटी डॉलरांस देण्याचें ठरलें. फेब्रुवारी २०२१ : ज्या विद्येसाठीं मूळ कंपनी निघाली, ती आकाशांत इंधन भरण्याची विद्या ज्या विभागांत होती, तो विभाग, आयर्लंडांत नोंदलेल्या पण मूळ अमेरिकन अशा ईटन कंपनीस २८३ कोटी डॉलरांस देण्याचें ठरलें, तो व्यवहार त्याच वर्षाच्या जूनांत पुरा झाला. संमतीपासून या दुसऱ्या ठरावापर्यंत चौदा महिनेसुद्धां झाले नव्हते.

(४)

या प्रकरणीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, राष्ट्रसंरक्षण हें केवळ निमित्त. भागधारकांचा माल त्यांनीं हव्या त्यास विकावा, आणि अमेरिका तर मित्रराष्ट्रच. दुसरें मत असें कीं, धनी परका झाला कीं कारखाना शत्रूचा झाला. आमच्या मतें दोन्ही मतें इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत. याला दोन दाखले देतों.

पहिला फियूमे येथील व्हाइटहेड कारखान्याचा. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज यंत्रज्ञानें ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यांत, फियूमे बंदरांत, पाणसुरुंगाप्रमाणें पाण्यांतून आपोआप धांवणारें टॉर्पेडो हें अस्त्र सिद्ध केलें. तो १९०५ सालीं वारल्यावर त्याच्या कंपनीचे नियंत्रक भाग व्हिकर्स व आर्मस्ट्राँग या दोन इंग्रज शस्त्रकंपन्यांनीं घेतले. १९१४ सालीं इंग्लंड व ऑस्ट्रिया यांचें युद्ध जुंपलें. कारखान्याचे धनी इंग्रज होते; तरी त्यामुळें इंग्लंडास कांहींहि उपयोग झाला नाहीं. कारखाना ज्याच्या भूमीवर होता, त्याचीच आज्ञा तेथें चालली. म्हणजे युद्धकाळीं मालकीपेक्षां जागा बलवान् ठरते.

दुसरा दाखला आपल्या घरचा. महादजी शिंदे यांनीं द बॉइन याच्या हाताखालीं कवायती पलटणी उभारल्या, आणि आग्र्यास सँग्स्टर नामक स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतण्याचें काम चालविलें. जागा शिंद्यांची, पैसा शिंद्यांचा, मालकीहि शिंद्यांचीच. परंतु १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध सुरू होतांच वेलस्लीच्या जाहीरनाम्यास अनुसरून शिंद्यांच्या चाकरींतील अनेक इंग्रज अंमलदार निघून गेले; पेराँ हा फ्रेंच सेनापति सप्टेंबरांत लेककडे गेला; आणि ऑक्टोबरांत आग्रा पडलें. तोफा चांगल्या होत्या, गोलंदाजहि शौर्यानें लढले, हें असई व लासवारी येथील लढायांवरून शत्रूनेंहि मान्य केलें आहे. तथापि सेनेचें शहाणपण ज्यांच्या डोक्यांत होतें तींच माणसें ऐन वेळीं उठून गेलीं. म्हणजे जागेपेक्षांहि माणसें बलवान् ठरलीं.

या दोन दाखल्यांवरून असें निष्पन्न होतें कीं, शस्त्रशाळेचीं तीन अंगें आहेत : जागा, माणसें आणि मालकी. युद्धांत पहिलीं दोन प्रबळ असतात. परंतु शांततेच्या काळांत तिसरें अंग पहिल्या दोहोंवर सत्ता चालवितें. कारण कोणता कारखाना चालूं ठेवावा, कोणता बंद करावा, संशोधनाचा खर्च कोठें करावा, कोणास कामावर ठेवावें, हें धनी ठरवितो. युद्ध आलें म्हणजे जागा आपलीच असेल; पण त्या जागेवर तोंपर्यंत काय उरलें असेल, हें धन्यानें आधींच ठरवून टाकलेलें असतें. परकीय मालकीचा खरा धोका शत्रुत्वाचा नसून, दूरच्या कचेरींत केलेल्या हिशेबाचा आहे.

(५)

कॉबहॅमच्या प्रकरणाचा धडा इंग्लंडच्या सरकारनें कितपत घेतला, हें पुढील दोन प्रकरणांवरून दिसतें. ऑगस्ट २०२१ मध्यें ॲडव्हेंटच्या मालकीच्या त्याच कॉबहॅमनें अल्ट्रा इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी सुमारें २५७ कोटी पौंडांस घेण्याचें ठरविलें. ही कंपनी पाणबुड्यांचा शोध घेणारीं यंत्रें व इंग्रजी आरमारास अत्यंत नाजूक अशी सामग्री करीत असे. मंत्री क्वासी क्वार्टेंग यांनीं दोन दिवसांतच सूचना काढली, आणि संमति मिळण्यास जवळजवळ अकरा महिने लागले. जुलै २०२२ मध्यें जीं हमीपत्रें स्वीकारलीं, तीं आधींच्यांहून निराळीं होतीं. नाजूक कामें दोन स्वतंत्र इंग्रज कंपन्यांत वेगळीं काढावीं, त्यांच्या कारभारांत सरकारच्या पसंतीचे संचालक असावेत, आणि प्रसंग पडल्यास सरकारास स्वतः आंत शिरण्याचा अधिकार असावा, असें ठरलें.

मेगिट या विमानांचे भाग करणाऱ्या कंपनीचें प्रकरण त्याच सुमाराचें. अमेरिकेंतील पार्कर हॅनिफिन कंपनीनें ती ६३० कोटी पौंडांस घेतली. येथें दोन परीक्षा दोन ठिकाणीं झाल्या. विमानांच्या चाकांच्या व ब्रेकांच्या धंद्यांत चढाओढ कमी होईल म्हणून युरोपीय आयोगानें पार्करला स्वतःचा त्या कामाचा विभाग विकण्याची अट घातली; राष्ट्रसंरक्षणाचा प्रश्न लंडनांत हमीपत्रांनीं मिटला. दोन्ही अटींतील फरक मार्मिक आहे. चढाओढीची अट एकदां विभाग विकला म्हणजे कायमची पुरी झाली. तिच्यावर पुढें पहारा ठेवण्याचें कारण फारसें उरलें नाहीं. संरक्षणाची हमी मात्र रोज पाळावी लागते, व रोज कोणी तरी तपासावी लागते.

दरम्यान २९ एप्रिल २०२१ रोजीं इंग्लंडांत राष्ट्रसंरक्षण व गुंतवणूक यांविषयीं स्वतंत्र कायदा मंजूर होऊन ४ जानेवारी २०२२ पासून अमलांत आला. प्रारंभीं १७ क्षेत्रांतील ठराविक प्रमाणावरील खरेद्या आगाऊ कळविणें सक्तीचें करण्यांत आलें. संरक्षणसामग्री हें त्यांपैकीं एक. संमतीवांचून केलेली अशी खरेदी कायद्यानें रद्दबातल समजावयाची आहे. यायोगें कॉबहॅमच्या प्रकरणांतील उणीव बरीचशी भरून निघाली, असें आम्हांस वाटतें. कारण पुढचा प्रत्येक धनीहि आतां दारांत थांबवून तपासतां येतो. पहिल्या धन्याच्या वचनावर सर्व भार ठेवण्याचें कारण उरलें नाहीं.

(६)

आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा. चढाओढीची परीक्षा विकणारे किती उरतील हें विचारते. संरक्षणाची परीक्षा नवा धनी कोण व तो कोणाच्या आज्ञेंत आहे हें विचारते. तो किती दिवस राहणार व जातांना कोणाच्या हातीं देऊन जाणार, हा तिसरा प्रश्न २०१९ सालीं पुरेसा विचारला गेला नाहीं. नफा घेऊन पुढें विकणें हाच ज्या पेढीचा व्यवसाय, तिच्या बाबतींत हाच प्रश्न पहिला असावयास पाहिजे होता. ॲडव्हेंटनें दगा केला असें आम्ही म्हणत नाहीं. इंधन भरण्याच्या विद्येची विक्री झाली म्हणून इंग्लंडच्या सुरक्षिततेस प्रत्यक्ष अपाय झाला, असेंहि म्हणत नाहीं. तसा पुरावा नाहीं. वचनांत जें मागितलें नव्हतें तें मिळालें नाहीं, इतकेंच.

आपल्या देशासहि हा विचार दूरचा नाहीं. भारत सरकारनें संरक्षणसामग्रीच्या उद्योगांत परकीय भांडवलास २००१ सालीं शेंकडा २६ पर्यंत, २०१४ सालीं ४९ पर्यंत आणि २०२० सालीं आपोआप संमतीच्या मार्गानें ७४ पर्यंत वाट मोकळी केली. त्याबरोबरच राष्ट्रसंरक्षणाच्या दृष्टीनें अशा गुंतवणुकीची तपासणी करण्याचा अधिकार राखून ठेवला. शेंकड्याचा आंकडा मालकीचें माप आहे. जागा व माणसें यांचें माप त्यांत येत नाहीं. त्या दोहोंची नोंद आपणच ठेविली पाहिजे. कौटिल्यानें आयुधागाराध्यक्ष नेमला तो शस्त्रें मोजण्यापुरता नव्हे. तीं कोण करतो व कोणत्या मोबदल्यानें करतो, हेंहि त्याच्या कामांत येतें.

परकीय व्यापाऱ्यास हांकलून द्या असें आज्ञापत्रकार म्हणाले नाहींत, आणि त्याच्या गोड वचनावर विसंबा असेंहि म्हणाले नाहींत. व्यापार करूं द्यावा, पण खाडीचें मुख आपल्या हातीं ठेवावें, असें ते म्हणाले. अल्ट्राच्या प्रकरणीं दोन वेगळ्या कंपन्या काढून इंग्रजांनीं जें केलें, तें अमात्यांच्या याच नियमाचें आचरण होय. ज्या टोपीकरांविषयीं तो नियम लिहिला गेला, त्यांच्याच वंशजांस तीनशें वर्षांनीं तो स्वतःच्या घरीं लागू करावा लागला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनीं टिपून ठेवावी इतक्या योग्यतेची आहे.